कुंपणच शेत खाऊ लागले तर?
(राज्याच्या मूळ नियमांविषयी एक अभ्यासपाठ)



गेल्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपल्यावर आमचे केशोरीच्या बाजूस जाणे झाले. सायंकाळी एका ओसरीवर दहापंधरा मंडळी जमली. इकडच्यातिकडच्या गोष्टी चालल्या असता राज्यघटनेचा विषय निघाला, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, देशाची घटना शंभराहून अधिक वेळा बदलली म्हणतात. मग आणीबाणीत ती बदलली म्हणून एवढा गवगवा कशाला? कोठीला भोक पडले तर ती लिंपावीच लागते ना?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नव्हते. त्या रात्री आम्ही जे सांगितले त्याने त्या बाबांचे समाधान झाले नाही, आणि खरे बोलावयाचे तर आमचेही झाले नाही. बाबांची माहिती चुकीची नव्हती. १९५० पासून २०२३ पर्यंत आपल्या घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत. मग दुरुस्ती कोणती आणि लबाडी कोणती, हे खेड्यातल्या माणसाने ओळखावे कसे? ह्या प्रश्नाचा नीट विचार व्हावा, आणि उपदेशक बंधूंस आपापल्या गावी तो समजावून सांगता यावा, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

१. मूळ नियम म्हणजे काय?

आपल्या भागातल्या जुन्या माणसांस मालगुजारी ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत बंदोबस्त झाला तेव्हा मालगुजार गावाचा मालक ठरला. परंतु गावातील चालीरीतींची नोंद करणारा एक कागदही तेव्हा तयार झाला. त्यास वाजिब-उल-अर्ज म्हणत. गुरे कोठे चरावी, सरपण कोणी कोठून आणावे, तलावाचे पाणी कोणास कसे मिळावे, ह्या रीती त्यात आणि निस्तारपत्रकात लिहिलेल्या असत. ह्या कागदांचे मोल कशात होते? ते केवळ रयतेस बांधीत नसत. ते मालगुजारासही बांधीत. गावाचा धनी झाला तरी 'लिहिल्याप्रमाणे वाग' असे त्यास म्हणता येत असे. तो नेहमी ऐकत असे, असे आम्ही म्हणत नाही. पण म्हणावयास आधार होता.

आता अशी कल्पना करा की एखाद्या मालगुजाराने एके रात्री तो कागद मागवून घेतला आणि त्यात दोन ओळी घातल्या: पाण्याची पहिली पाळी सदैव आमची, आणि ह्याविषयी कोणाचीही तक्रार कोणी ऐकू नये. सकाळी गाव उठले तेव्हा तलाव होता तेथेच होता, पाळ होती तशीच होती, पाणीही तेवढेच होते. तरी काल जे गाव होते ते आज राहिले नाही. कारण काल भांडण झाले असते तर दोन्ही पक्ष एका कागदापुढे उभे राहिले असते; आज तो कागदच एका पक्षाचा झाला.

ह्यावरून ध्यानात येईल की नियम दोन प्रकारचे असतात. एक रोजच्या व्यवहाराचे: कर किती, दंड किती, रस्ता कोठून. दुसरे, हे रोजचे नियम कोणी, कसे आणि किती काळ करावे हे ठरविणारे. दुसऱ्या प्रकारच्या नियमांस मूळ नियम म्हणतात. आपल्या देशाचे मूळ नियम राज्यघटनेत आहेत. घटनासमितीने ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे होते.

काळाबरोबर गरजा बदलतात हे घटनाकारांस ठाऊक होते. म्हणून ३६८ व्या कलमात त्यांनी दुरुस्तीची वाट ठेवली. मात्र ती चढणीची ठेवली. साध्या कायद्यास उपस्थितांचे साधे बहुमत पुरते. घटनादुरुस्तीस दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. काही कलमांसाठी तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. तेव्हा घटना बदलणे हेच पाप, असे कोणी शिकवू नये. ती कोणी, कोणासाठी आणि कशी बदलली, हे पाहावयाचे आहे.

२. गरिबांच्या धान्यासाठी केलेली कोठी

पहिली दुरुस्ती १९५१ साली झाली, आणि ती आपल्या दाराशी येऊन भिडणारी होती. स्वातंत्र्यानंतर अनेक प्रांतांनी जमीनदारी व मालगुजारी नष्ट करणारे कायदे केले. आपला तेव्हाचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात मोडत असे. तेथे मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. आपल्याकडच्या तलावांस आजही 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात ते ह्याच कारणाने. परंतु अशा कायद्यांविरुद्ध मोठे जमीनदार न्यायालयांत गेले, आणि बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्दही केला. खटल्यांत वर्षानुवर्षे गेली असती तर कूळ तेथेच राहिले असते.

म्हणून संसदेने घटनेस एक नवी यादी जोडली. तिचे नाव नववी अनुसूची. ह्या यादीत जो कायदा घातला तो मूलभूत हक्कांस बाधक आहे म्हणून न्यायालयाने रद्द करू नये, असे ठरले. आरंभी तिच्यात १३ कायदे होते, आणि आपल्या प्रांतातील मालगुजारी नष्ट करणारा कायदा त्यांपैकी एक होता. कोकणातील खोती नष्ट करणारा मुंबई प्रांताचा कायदाही त्यांत होता.

ह्या दुरुस्तीचा लाभ सत्तेवर बसलेल्या माणसास झाला की राबणाऱ्या माणसास? मुख्यतः राबणाऱ्यास, असेच म्हणावे लागेल. तथापि एका बाजूचे सांगून दुसरी झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्याच पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर अधिक बंधने घालण्याची मोकळीकही सरकारास दिली. शिवाय न्यायाधीशाच्या नजरेआड राहील अशी एक कोठी राज्यकर्त्यांच्या हाती आली. गरिबाचे धान्य राखण्यासाठी ती बांधली होती. परंतु कोठीस झाकण असले म्हणजे आत काय ठेवावे हे ज्याच्या हाती झाकण तो ठरवितो. ही गोष्ट मनात धरून पुढे वाचावे.

३. चार दिवसांत झालेली दुरुस्ती

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी एक निकाल दिला. १९७१ साली रायबरेलीहून झालेली पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड निवडणूक कायद्याच्या भंगामुळे रद्द ठरली, आणि सहा वर्षे त्यांस निवडणूक लढविण्याची मनाई झाली. सरकारी नोकरांचे साहाय्य प्रचारात घेतले, हे त्याचे कारण होते. फिर्यादी राजनारायण हे होते. २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ह्या निकालास सशर्त स्थगिती दिली: बाईंनी पंतप्रधान राहावे, परंतु लोकसभेत मत देऊ नये. दुसऱ्याच रात्री, २५ जून रोजी, अंतर्गत अशांततेचे कारण देऊन देशात आणीबाणी पुकारण्यात आली. विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली.

आता घटनेत काय काय झाले ते क्रमाने पाहा. प्रथम ३८ वी दुरुस्ती झाली. तिने आणीबाणीची घोषणा योग्य की अयोग्य हे विचारण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. नंतर ३९ वी दुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला नेमली होती. ही दुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाली. ९ ऑगस्टला राज्यांच्या विधिमंडळांनी संमती दिली आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. ३६८ व्या कलमाची चढण अशी चार दिवसांत चढून झाली. तिचा आशय असा होता की पंतप्रधान आणि लोकसभेचे सभापती यांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांत चालू नये, आणि न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी झालेली निवड कायमच समजावी.

एवढ्यावरच भागले नाही. निवडणूक कायदाही मागील तारखेपासून लागू होईल असा बदलण्यात आला, म्हणजे जे कृत्य करतेवेळी दोषाचे होते ते मागाहून निर्दोष ठरले. आणि हा बदललेला कायदा ठेवला कोठे? त्याच नवव्या अनुसूचीत! ज्या कोठीत आपल्या कुळांचे रक्षण करणारे कायदे ठेवले होते, तीत राज्यकर्त्याच्या खुर्चीचे रक्षण करणारा कायदा जाऊन बसला. चौकशीवाचून माणसास अटकेत ठेवणारा 'मिसा' कायदाही त्याच दुरुस्तीने तेथे गेला. कुंपणच शेत खाते ही म्हण आपण पुष्कळ वेळा वापरतो. तिचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक विधेयक राज्यसभेने ९ ऑगस्टला मंजूर केले: राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा राज्यपाल झालेल्या व्यक्तीवर पुढे कधीही फौजदारी खटला होऊ नये. पद सोडल्यावरही नाही, आणि पदापूर्वीच्या कृत्यासाठीही नाही. ते विधेयक लोकसभेपुढे मात्र आले नाही, आणि कायदाही झाले नाही.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३९ व्या दुरुस्तीतील पंतप्रधानांच्या निवडीस अभय देणारा भाग रद्द केला. तथापि निवडणूक कायदाच मागील तारखेपासून बदलला असल्यामुळे निवड मात्र कायम राहिली. दरवाजा न्यायाधीशांनी उघडला खरा, परंतु माल आधीच हलविला गेला होता.

४. गोडात कालविलेले कडू

पुढल्या वर्षी ४२ वी दुरुस्ती आली. मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्वीचे न्यायाधीश ह. रा. गोखले हे त्या वेळी कायदेमंत्री होते. तीत ५९ कलमे होती, आणि ती इतकी मोठी होती की लोक तिला 'छोटी घटना' म्हणू लागले. १८ डिसेंबर १९७६ रोजी तिच्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

ह्या दुरुस्तीत चांगले काहीच नव्हते असे नाही. घटनेच्या प्रास्ताविकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द तिनेच आले. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये तिनेच आली. वने व वन्य जीव यांचे रक्षण राज्याने करावे हे कलमही तिनेच आले, आणि नवेगावबांधच्या रानाशेजारी राहणाऱ्या आपणांस ते वाईट म्हणता येणार नाही. परंतु वैद्य कडू औषध गुळात देतो तसे विषही गुळात देता येते. त्या गुळात काय होते ते पाहा.

लोकसभेची मुदत पाच वर्षांची होती ती सहा केली. १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपावयाची होती. ती आधी एक वर्षाने, मग आणखी एक वर्षाने वाढविली होतीच. ज्यांस आपण पाच वर्षांसाठी नेमले त्यांनी आपली नेमणूक आपणच वाढवून घेतली. दुसरे, ३६८ व्या कलमात लिहिले की घटनादुरुस्तीविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही आणि संसदेच्या ह्या अधिकारास कसलीही मर्यादा नाही. तिसरे, एखादा कायदा घटनाबाह्य ठरवावयाचा तर सर्वोच्च न्यायालयात किमान सात न्यायाधीश बसावे आणि त्यांपैकी दोन तृतीयांश एकमत व्हावे, असे बंधन घातले.

ह्या सर्व काळात शहा आयोगाच्या अहवालानुसार एक लाखाहून अधिक माणसे अटकेत पडली होती. त्यांनी न्यायालयांत अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकून घेण्याजोगे मानले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितले की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या मुख्य वकिलांस विचारले होते की पोलिसाने वैराने एखाद्यास ठार मारले तर? त्यावर, आणीबाणी आहे तोवर त्यासही उपाय नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. एकट्या खन्नांनी विरुद्ध मत लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यावयाचे होते. ते त्यांच्याहून कनिष्ठास दिले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमतात असलेल्यांमध्ये पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड हेही होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय चुकीचा होता असे स्पष्ट लिहिले. ते लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव धनंजय चंद्रचूड. ते त्यांचे पुत्र. वडिलांची चूक पुत्राने न्यायासनावरून सुधारावी, आणि तीही सन्मान राखून, ह्यात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु मधल्या एक्केचाळीस वर्षांत त्या अटकेत झिजलेली पुष्कळ माणसे जग सोडून गेली होती, हेही विसरू नये.

५. पाळ कोणी वाचविली?

मूळ नियम एकदा मोडले म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही. येथे तीन गोष्टी कामास आल्या.

पहिली गोष्ट आणीबाणीपूर्वीची आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती ह्यांच्या खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरविले होते की संसदेस घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी तो खटला चालविला होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तलावाची पाळ उंच करा, रुंद करा, नवी तुडुमी बसवा. परंतु पाळच खणून काढली आणि ह्याचे नाव तलावदुरुस्ती ठेवले, तर ते चालणार नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांस डावलून चौथ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले. ह्यावरून तो निकाल सत्तेस किती झोंबला ते दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे न भिणारी माणसे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू तेथे निर्भयपणे मांडली, आणि अटकेनंतर आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांस आरोग्य लाभावे म्हणून सभेस प्रार्थनेसाठी उभे केले. पुढे १९७६ साली त्यांनाही अटक झाली. त्यांच्या हाती ना फौज होती ना मतपेटी. होता तो केवळ आपला शब्द.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचे आमचे मत. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि मार्चमध्ये मतदान झाले. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत राजनारायणांकडून हरल्या. नव्या संसदेने ४३ वी व ४४ वी दुरुस्ती केली. मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. पंतप्रधानांच्या निवडीस वेगळे ठेवणारे कलम निघाले. निवडणूक कायदा नवव्या अनुसूचीतून बाहेर आला. 'अंतर्गत अशांतता' हे ढिले कारण जाऊन 'सशस्त्र बंड' हे शब्द आले, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. मग ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात, संसदेचा अधिकार अमर्याद आहे हे ४२ व्या दुरुस्तीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश तेच यशवंतराव चंद्रचूड होते. १९७३ साली ते मूळ ढाच्याच्या विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकी होते. माणूस शिकतो, हीही आशेचीच गोष्ट आहे. शेवटी ११ जानेवारी २००७ च्या निकालाने, २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदेही न्यायालयास तपासता येतील असे ठरले. कोठीचे झाकण अशा रीतीने पुन्हा उघडता येऊ लागले.

६. हे जुनेच दुखणे आहे

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ह्यात नवे वाटू नये. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यराबामाची कथा आहे. दहा वंशांनी त्यास राजा केले. परंतु लोक सणासाठी यरुशलेमेस गेले तर त्यांचे मन रहबामाकडे वळेल, ही धास्ती त्याच्या मनात शिरली. तेव्हा त्याने उपासनेचे स्थळ बदलून बेथेल व दान येथे वासरे उभारली, याजक कोणी व्हावे हा नियम बदलला, आणि सणाचा महिनाही बदलला. लोकांस त्याने कारण काय दिले? तुम्हांस इतके दूर जाण्याचा त्रास होतो म्हणून! मनात खुर्ची आणि मुखी लोकांची सोय, ही रीत किती जुनी आहे पाहा. उलट अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजास सांगितले आहे की नियमशास्त्राची प्रत त्याने स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि जन्मभर वाचावी. नियमाची प्रत करणे हे राजाचे काम. त्यात आपल्या सोयीची ओळ घालणे हे नव्हे.

अलीकडच्या जगातही हेच दिसते. जर्मनीत २३ मार्च १९३३ रोजी हिटलरने संसदेकडूनच असा कायदा करून घेतला की संसदेवाचून सरकारने कायदे करावे. त्या दिवशी कम्युनिस्ट सभासदांस येऊ दिले नव्हते आणि सभागृहात हिटलरचे गणवेशधारी लोक उभे होते. शेजारच्या श्रीलंकेत डिसेंबर १९८२ मध्ये सार्वमत घेऊन चालू संसदेचीच मुदत सहा वर्षांनी वाढविली. चीनमध्ये ११ मार्च २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षास दोनच मुदती मिळतील हा नियम काढून टाकला. ह्यांपैकी कोणीही घटना फाडून फेकली नाही. सर्वांनी सही, शिक्का आणि मतदान करून काम केले. म्हणूनच ते चटकन ओळखू येत नाही.

७. ओळखावे कसे?

उपदेशक बंधूंनी हे चार प्रश्न मंडळीस पाठ करवावे. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, ते लागू पडतात.

पहिला: बदलाचा पहिला लाभ कोणास? लेखणी धरणाऱ्यासच तो होत असेल तर सावध व्हावे.

दुसरा: घाई किती? धान पिकावयास जेवढे दिवस लागतात तेवढेही देशाचा पाया बदलावयास घेतले नसतील, आणि विरोध करणारे त्या वेळी तुरुंगात असतील, तर त्या बहुमताचे वजन कमी समजावे.

तिसरा: दाद मागण्याचे दार उघडे आहे काय? खरे काम करणारा तपासणीस भीत नाही.

चौथा: परतीची वाट आहे काय? नेमलेल्या दिवशी मत देऊन आपण त्यास बदलू शकतो, की त्याने आपली मुदत आपणच वाढविली आहे?

१९५१ ची दुरुस्ती ह्या कसोट्यांस लावून पाहा. पहिल्या प्रश्नास ती बरीचशी उतरते, तिसऱ्यास उतरत नाही. १९७५ ची लावून पाहा. चारांपैकी एकासही उतरत नाही. तेव्हा सर्व बदल सारखे नसतात.

८. आपले घर

परंतु दिल्लीचे दोष मोजून घरी स्वस्थ झोपणे आम्हांस साधत नाही, कारण असेच एक कृत्य आमच्या डोळ्यांदेखत झाले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मंडळीच्या पंचकमिटीत होतो. कोणीही पंच सलग दोन मुदतींहून अधिक राहू नये असा तेथील नियम होता. एका अनुभवी पंचाची दुसरी मुदत संपत आली. माणूस कर्तबगार होता, हिशेब त्यास चांगला येत होता. सभेच्या शेवटी, निम्मे लोक उठून गेल्यावर, 'कामाची सोय व्हावी म्हणून' नियम बदलण्याची सूचना आली. आम्ही हात वर केला. मनात शंका आली होती. पण उशीर झाला होता, पाऊस दाटला होता आणि वाईटपणा नको होता. पुढे चार वर्षे कोणी हिशेब मागितला नाही, आणि ज्यांनी मागितला त्यांस मंडळीत फूट पाडणारे म्हटले गेले. पैसा किती गेला ते आम्ही येथे लिहीत नाही. पैशाहून मोठी हानी अशी की तरुण मुले सभेस येईनाशी झाली. त्या पंचाचा दोष होताच. पण नियम त्याने एकट्याने मोडला नव्हता. त्या दिवशीचे वर गेलेले हात मोजले तर त्यात एक आमचा होता.

ह्याउलट एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. ज्यांनी घटनेचा मसुदा घडविला ते डॉ. आंबेडकर १९५२ साली मुंबईतून लोकसभेसाठी उभे राहिले आणि हरले. १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्याहून पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पुन्हा हरले. निवडणुकीचे मूळ नियम घडविणारा मनुष्य त्याच नियमांखाली दोनदा हरला, आणि त्याने तो निकाल मानला. नियम आपल्यासाठी वाकवावे असे त्यांच्या मनात आले नाही. घटनेची फार मोठी शोभा आम्हांस ह्या पराभवात दिसते. कारण करणाऱ्यासही जो नियम लागू तोच खरा नियम.

तर केशोरीच्या त्या बाबांस आमचे उत्तर असे. बाबा, कोठीला भोक पडले तर ती लिंपावी, ह्यात शंका नाही. पण लिंपणारा दिवसाढवळ्या, घरच्यांच्या देखत लिंपतो की रात्री दार लावून, हे पाहावे. आणि लिंपून झाल्यावर कोठी उघडून धान मोजू देतो की नाही, तेही पाहावे. मोजू देत नसेल तर माती कितीही गुळगुळीत लावली असो, आत काहीतरी कमी झाले आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. रोजचा नियम आणि मूळ नियम ह्यांतील भेद आपल्या गावच्या उदाहरणाने सांगा.
२. नववी अनुसूची प्रथम कशासाठी केली होती? १९७५ साली तिचा उपयोग कशासाठी झाला?
३. ४२ व्या दुरुस्तीतील कोणत्या गोष्टी पुढेही राहिल्या आणि कोणत्या काढून टाकाव्या लागल्या?
४. यराबामाने लोकांस कोणते कारण सांगितले, आणि त्याच्या मनात कोणते होते?
५. आपल्या ग्रामसभेत, सोसायटीत अथवा मंडळीत गेल्या पाच वर्षांत कोणता नियम बदलला? त्या वेळी आपला हात वर होता की खाली, आणि का?